घटामागचा जोड

लीलाताईंच्या अंगात देवी येते, ही बातमी दाना ओली या गल्लीत पसरली ती गेल्या नवरात्रात. लीलाताई स्वयंपाकघरात नळ धरून तांब्या भरत होत्या आणि शेजारच्या विजयाबाई विड्याची पानं मागायला आत आल्या होत्या. बोलता बोलता विजयाबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, चटका बसल्यासारखा मागे घेतला, भीत भीत पुन्हा ठेवला आणि ओरडल्याच, "अगंबाई! खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या माझ्या. यांच्या अंगात कोणीतरी आहे!"

दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टोपी बाजारातून आल्या. नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत या सगळ्या पाळतात, त्यामुळे दाराशी चपलांचा ढीग नव्हता, फरशीवर नुसती धुळीची पावलं उमटली होती. एकेकीने लीलाताईंच्या दंडाला हात लावायचा, शहारायचं, आणि वाकायचं. देवी नळापाशीच येते, इतर कुठे येत नाही, याचंही स्पष्टीकरण गल्लीने शोधून काढलं होतं: देवीला पाणी प्रिय. नवरा गेल्यापासून ज्या लीलाताईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नव्हतं, त्यांच्या पायांवर आता सवाष्णी डोकं ठेवत होत्या. दसरा झाला, पायांत चपला आल्या आणि देवीही गेली.

हेमांगी तेव्हा या घरात नव्हती. लीलाताईंच्या मुलाशी, उत्कर्षशी, तिचं लग्न माघात झालं. मुलींच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, बोलायची कमी, आणि बोलली की वाक्य पूर्ण करायची. सासरी आल्यावर देवीची गोष्ट तिने चार जणांकडून चार तऱ्हांनी ऐकली. फक्त लीलाताईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, तिला ती कधी सांगितली नाही.

या वर्षी घट बसले आणि तिसऱ्या माळेच्या सकाळी हेमांगीने पाहिलं, की सासूबाई नळाची तोटी पदराच्या टोकाने धरून फिरवताहेत.

"आई, तोटी गरम आहे का?"

"नाही गं. चावतो नळ."

"चावतो म्हणजे?"

"म्हणजे चावतो. मुंग्या येतात, मग कळ जाते कोपरापर्यंत. गेल्या वर्षी सगळ्यांना सांगून झालं. भावजी म्हणाले, वहिनी, ही देवीची कृपा, तिला चावणं म्हणू नका." लीलाताईंनी तांब्या ओट्यावर ठेवला. "माझी भवानी का चावेल मला? इतकी वर्षं नाही चावली ती."

हेमांगीने तोटीला हात लावला. काहीच झालं नाही. तिने मूठ आवळून धरली. तरी काही नाही. सासूबाईंच्या चेहऱ्यावर तिला ओळखीचा थकवा दिसला. आता हीपण इतरांसारखीच हसेल, या तयारीचा.

"स्लिपर काढ," लीलाताई म्हणाल्या. "मी व्रतात आहे. तू रबरावर उभी आहेस."

हेमांगीने स्लिपर बाजूला सारल्या, ओल्या फरशीवर पाय टेकवले आणि बोटांची पाठ तोटीला लावली. हात आपोआप मागे उडाला. कळ मनगटातून वर सरकली आणि थोडा वेळ तिथेच रेंगाळली.

"चावला," ती म्हणाली.

लीलाताईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि तांब्या उचलून गेल्या.

---

घरात विजेच्या बाबतीत शेवटचा शब्द शिवाजीरावांचा असे. ते लीलाताईंचे धाकटे दीर, उत्कर्षचे काका. बिजली कंपनीतून निवृत्त झाले होते. नोकरी बिलांच्या विभागात काढली होती, पण घरात फ्यूज उडाला तरी सगळे त्यांच्याकडे पाहत आणि त्यांनाही ते आवडे. देवांची पूजाही तेच करत. हेमांगीने नळाचं सांगितलं तेव्हा ते पूजेवरून नुकतेच उठले होते. रेशमी सोवळं नेसलेलेच ते टेस्टर घेऊन स्वयंपाकघरात आले. ओल्या फरशीवर सोवळं भिजू नये म्हणून त्यांनी पाट सरकवला, त्यावर चढले आणि टेस्टरचं टोक तोटीला टेकवलं.

"बघ. दिवा लागतो का?"

खिडकीतून ऊन थेट नळावर येत होतं. त्यात टेस्टरचा मिणमिणता दिवा लागला असता तरी कुणाला दिसला नसता.

"काका, पाटावरून खाली उतरून बघाल का? लाकडावर उभं राहिलं की करंटला जमिनीकडे जायला वाट मिळत नाही."

"सोवळ्यात मी तुझ्या खरकट्या फरशीवर उतरू?" शिवाजीराव हसले. "सूनबाई, गीझर बंद आहे. बटण बंद, तर करंट येणार कुठून? इतकं तर बिजलीघराचा चपराशीपण सांगेल."

"बटण फक्त फेज तोडतं. अर्थची, जमिनीत जाणारी तार बटणातून जात नाही, ती कायम जोडलेली असते. तिच्यातच करंट शिरला, तर आधी गीझरचा पत्रा, त्यातून लोखंडी पाइप, त्यातून नळ. नळाच्या पुढचा पाइप प्लास्टिकचा आहे, म्हणून तिथून करंटला बाहेर पडता येत नाही."

"एम.एस्सी. केलीस म्हणून आता देवीला मीटर लावणार का?"

"देवीला नाही. नळाला लावणार आहे."

शिवाजीरावांचं हसू मिशांतच राहिलं. "अष्टमीला कुमारिका यायच्या आहेत. शंभर माणसं या घराकडे श्रद्धेने बघतात. त्याआधी काही तमाशा करू नकोस, एवढं बघ."

कुमारिका यायच्या आहेत, हेच तर हेमांगीच्या डोक्यात होतं. दर अष्टमीला गल्लीतल्या लहान मुलींना जेवायला बोलवायचं आणि त्याआधी त्यांचे पाय धुवायचे, ही या घराची रीत. पाय धुवायचे ते याच नळाखाली. ओली फरशी, अनवाणी पावलं, आणि पाण्याशी खेळणारे ओले हात. मोठ्या माणसाला झिणझिण्या आणणारा करंट सात वर्षांच्या पोरीला काय करील, हे कोणत्या मुलीच्या हातून शोधून काढायचं?

ती संध्याकाळी कामाला लागली. आधी एक खात्रीची जमीन हवी होती, कारण स्वयंपाकघरातल्या अर्थवर आता विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. अंगणात मेन बोर्डाच्या खाली अर्थिंगचा खड्डा होता. तिथल्या पट्टीला तिने लांबलचक तार बांधली, खिडकीतून आत घेतली आणि मीटरची एक पिन तिला, दुसरी नळाला लावली. आकडा सत्तर व्होल्टच्या पुढे गेला. मग तिने गीझरचा प्लग ओढून काढला. नळावरचा आकडा शून्यावर आला.

"म्हणजे गीझरच खराब!" बँकेतून परतलेला उत्कर्ष खूश झाला. "नवा घेऊन येतो. कहानी खतम."

"थांब." हेमांगीने मीटरची पिन भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या, अर्थच्या भोकात घातली. आकडा परत चढला. "गीझर निघाला आहे आणि करंट अजून इथे आहे. तो भिंतीतून येतो आहे. नवा गीझर लावला तर नवा गीझर चावेल."

तिने मेन बोर्डावर त्या सर्किटचा स्विच खाली पाडला. स्वयंपाकघराबरोबर देवघरातली रंगीत दिव्यांची माळही विझली. हॉलमधून शिवाजीरावांचा आवाज आला, "देवीपुढे अंधार कुणी केला?"

"समईचा नंदादीप चालू आहे, काका," हेमांगी म्हणाली. "घटाला तोच लागतो."

---

वायरमन विक्रमसिंह हजीऱ्याहून आला, तो पाचव्या माळेला. या भागातली अर्धी घरं त्याच्या हाताखालून गेली होती. त्याने बोर्ड उघडला, मग स्वयंपाकघरातलं सॉकेट उघडलं, आणि दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिला.

"भाभीजी, इधर देखिए. बोर्डातून निघणारी तार लाल-काळी. इकडे पोचणारी पिवळी-निळी."

"म्हणजे वाटेत कुठेतरी जोड आहे."

"जोड तो है. पण जोडाचा डिब्बा कुठे आहे?"

त्याने भिंती ठोकून पाहिल्या. लग्नाच्या वेळी हॉलच्या भिंतींना पॅनेलिंग केलं होतं, त्यामुळे सगळीकडे सारखाच पोकळ आवाज येत होता. आराखडा विचारला तर शिवाजीराव म्हणाले, "जोडबिड काही नाही. मी स्वतः उभं राहून काम करून घेतलंय. एकच सलग तार आहे."

"बाबूजी, तार वाटेत रंग नहीं बदलती," विक्रमसिंह म्हणाला.

"तू आपलं काम कर."

त्याने स्क्रू परत बसवले. दाराशी येऊन तो हेमांगीला हळू आवाजात म्हणाला, "मी बाजूने नवी तार टाकून देईन. पण त्या डिब्ब्यातून आणखी कुठे लाइन गेली असेल तर? इकडून तोडली आणि तिकडून करंट येत राहिला, तर कन्याभोजच्या दिवशी मेरा नाम लगेगा. आधी डिब्बा शोधा."

दुसऱ्या दिवशी हेमांगीने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मेगर मागून आणला. तारेवरचं आवरण शाबूत आहे की नाही, हे तो सांगतो. तिने सर्किट बंद ठेवून दोन्ही टोकांची जोडणी सोडवली, गीझर आणि देवघरातली दिव्यांची माळ काढली, म्हणजे मोजायला फक्त भिंतीतली तार उरली. मग तिने अंगणातून आणलेली लांब तार वापरून हिरव्या, म्हणजे अर्थच्या, तारेचा माग घेतला. हिरवी तार बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नव्हती, मध्ये कुठेतरी तुटली होती. मात्र तिचा स्वयंपाकघराकडचा तुकडा फेजच्या तारेशी आतल्या आत संधान बांधून होता. मेगरचा काटा जिथे वर जाऊन स्थिरावायला हवा, तिथे तो खाली पडून राहिला होता.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पूजेच्या आधी मोजलं तेव्हा काटा थोडा तरी उचलला होता. शिवाजीरावांनी घटाच्या मातीवर पाणी शिंपडलं, त्यानंतर काही वेळाने मोजलं, तर तो साफ झोपला.

तिने देवघराकडे पाहिलं. हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात, भिंतीत बसवलेलं संगमरवरी देवघर. त्याच्या खालच्या पायरीवर पत्रावळीत काळी माती, तिच्यात बोटभर उंचीची पिवळी रोपं, मध्ये कलश. पायरी आणि मागची संगमरवरी पाटी यांच्यामध्ये एक फट होती आणि त्या फटीत पाणी चमकत होतं. डिब्बा याच्याच मागे असावा आणि हे पाणी त्यात झिरपत असावं, असा तिला संशय आला, पण संशय म्हणजे मोजमाप नव्हे. शिवाय घट बसल्यावर देव जागेवरून हलवायचे नाहीत, ही रीत तिला ठाऊक होती. दसऱ्यापर्यंत त्या कोपऱ्याला हात लागणार नव्हता. तिने तारा, गीझर आणि माळ परत जोडून ठेवली, स्विच मात्र खालीच ठेवला.

---

सप्तमीला ती कॉलेजातून दुपारी परतली. दारातच तिचं लक्ष देवघराकडे गेलं. दिव्यांची माळ लाल-हिरवी लुकलुकत होती.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. लीलाताई नळ धरून उभ्या, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. विजयाबाई रांग लावत होत्या. "एकेक करून या गं. मोबाइल बाजूला ठेव, देवीचा रील काढायचा नसतो! हां, मग थोडासा काढ." रांगेत पुढे त्यांची नात गरिमा होती. तिने बादलीत हात घालून फ्रॉक भिजवून घेतला होता, आणि आता ओला हात पुढे करून ती आपली पाळी यायची वाट बघत होती.

हेमांगीने हाक मारली नाही. ती वळली, बोर्डापाशी गेली आणि स्विच खाली पाडला. माळ विझली.

गरिमाने लीलाताईंच्या मनगटाला हात लावला. "आजी, कुछ नहीं हो रहा," ती म्हणाली.

"स्विच कुणी चढवला?" हेमांगीने विचारलं.

"मी चढवला," शिवाजीराव म्हणाले. "माझ्या घरात माझ्या देवीपुढे दिवे लागणार. बायका उन्हातून चालत आल्यात. वहिनी स्वतः उभ्या राहिल्या, कुणी ओढून नाही आणलं."

हेमांगीने कपाटातून पेचकस काढला, बोर्डाचा मेन बंद केला, झाकण उघडलं आणि त्या सर्किटच्या तिन्ही तारा स्क्रूमधून सोडवून बाहेर ओढल्या. टोकांवर टेप गुंडाळला. मग मेन परत चालू केला. सगळं घर पाहत होतं.

"बंद केलेला स्विच कुणीही चढवू शकतं," ती म्हणाली. "आता चढवून काही होणार नाही."

"काल आलेली पोर," शिवाजीरावांचा आवाज चढला, "या घराची चाळीस वर्षांची रीत मोडणार?"

"रीत मोडत नाही मी. कुमारिका येतील, जेवतील. पण या नळाखाली त्यांचे पाय मी धुवू देणार नाही. तुम्ही तारा जोडल्यात तर मी परत सोडवीन. रात्रंदिवस बोर्डापाशी बसावं लागलं तर बसेन. आणि काका, करंट गळला की आपोआप पडणारं ट्रिपचं यंत्र इथे होतं, ते कुठे आहे? बोर्डात त्याची जागा रिकामी आहे."

"ते सारखं पडायचं. काढून टाकलं मी."

"ते पडत होतं, कारण ते खरं बोलत होतं."

विजयाबाईंनी पदर सावरला. "अहो शिवाजीराव, पण देवीला विचाराल की नाही? लीलाताई, तुम्हीच सांगा ना. सांगा हिला, देवी आहे की नाही ते."

सगळ्या बायका लीलाताईंकडे वळल्या. लीलाताईंनी नळावरचा हात काढला आणि पदराला पुसला.

"विजया, नवरा गेल्यावर तू मला किती वेळा वाण दिलंस?"

विजयाबाईंनी पुन्हा पदर सावरला.

"गेल्या वर्षी तू माझ्या पाया पडलीस. बरं वाटलं मला. खोटं का बोलू? नळ चावतो हे मी सांगत होते, पण दुसऱ्या दिवसापासून थोडं हळू सांगायला लागले. माणसाला माणसासारखं कुणी वागवीना, देवी म्हणून तरी वागवतात, म्हटलं चालू दे." त्यांनी गरिमाचा ओला हात धरला आणि आपल्या पदराने कोरडा केला. "पण आता हिने हात पुढे केला, तेव्हा माझ्याच्याने 'लांब हो' म्हणवलं नाही. जीभच उचलली नाही. असली देवी मला नको."

त्या हॉलमध्ये गेल्या. हेमांगी आणि बाकीच्या बायका मागोमाग गेल्या. देवघरापाशी लीलाताईंनी नमस्कार केला आणि पायरीच्या मागच्या संगमरवरी पाटीकडे बोट दाखवलं.

"तुझा डिब्बा इथे आहे. गोल झाकण होतं, बशीएवढं. गेल्या वर्षी देवघर इकडे आलं, त्याआधी मी रोज फडकं मारायची त्याच्यावर. तारांच्या तीन नळ्या होत्या त्याला. एक बोर्डाकडून, एक स्वयंपाकघराकडे, एक आता देवघराचं झालंय त्या बटणाकडे. चौथी नव्हती. मिस्त्री म्हणाला होता, झाकण बाहेर राहू द्या. भावजी म्हणाले, देवाच्या पाठीशी बिजलीचं झाकण शोभत नाही, वास्तूप्रमाणे देव इथेच बसले पाहिजेत. मिस्त्रीने वरून दगड लावला."

"आई, परवा विक्रमसिंह भिंती ठोकत होता, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?" हेमांगीने विचारलं.

"होतं," लीलाताई म्हणाल्या. त्या सुनेकडे सरळ पाहत होत्या. "पण डिब्बा सापडला, की मी परत नुसती लीला. आता कर तुला काय करायचं ते."

शिवाजीराव पुढे आले. "दगड काढायचा म्हणाल, तर घट उठवावा लागेल. सातव्या माळेला घट उठवणार? मी जिवंत असेपर्यंत देव हलणार नाहीत."

"देव हलवायचे नाहीत," हेमांगी म्हणाली. "दगड काढायचा नाही. त्या जोडाला मी हातही लावणार नाही. जिथे हात पोचत नाही तो जोड दुरुस्त करता येत नाही, आणि दुरुस्त न केलेल्या जोडावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून तो मार्गातूनच काढायचा. बोर्डाकडचं टोक मी सोडवलंय. स्वयंपाकघराकडचं आणि या बटणाकडचं सोडवते. तिन्हीकडून तुटला, की तो भिंतीतला मेलेला तुकडा. स्वयंपाकघराला नवी तार द्यायची, दुसऱ्या वाटेने, सगळ्यांना दिसेल अशी."

"दिसेल अशी? या पॅनेलवरून?"

"हो. दारावरून, मग समोरच्या भिंतीने. पांढऱ्या पट्टीतून."

"नव्या पॅनेलवर प्लास्टिकची पट्टी! दुकान वाटेल घर. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, या घरात तार दिसते," हेमांगी म्हणाली, आणि विक्रमसिंहला फोन लावला.

---

तो तासाभरात आला. डिब्बा कुठे आहे, त्याला किती नळ्या आहेत हे ऐकून त्याने हात जोडले, देवघराला की लीलाताईंना हे कळलं नाही. उत्कर्षने शिडी धरली. काकांनी हाक मारली, "उत्कर्ष, तू सांग तुझ्या बायकोला," तेव्हा तो शिडीवरून नजर न काढता म्हणाला, "काका, मी शिडी सोडली तर विक्रमभाई पडेगा."

ड्रिलच्या आवाजाने शिवाजीराव माडीवर निघून गेले. संध्याकाळच्या आरतीच्या आत पट्टी दारावरून निघून, समोरची भिंत ओलांडून स्वयंपाकघरात शिरली होती. जुन्या तारांच्या टोकांना हेमांगीने वेगवेगळा टेप लावला, एकमेकांपासून लांब वळवलं, आणि मीटरने प्रत्येक टोक पुन्हा तपासलं. कुठे जीव उरला नव्हता. नवी तार मेगरने मोजली तेव्हा काटा वर गेला आणि वरच थांबला. नवी हिरवी तार अंगणातल्या पट्टीपर्यंत सलग होती. बोर्डातल्या रिकाम्या जागेत ट्रिपचं नवं यंत्र बसलं. हेमांगीने त्याचं बटण दाबून पाहिलं. ते खट्‌कन पडलं. तिने ते परत चढवलं.

मग तिने स्लिपर काढल्या, फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि गीझर चालू असताना नळ घट्ट धरून उभी राहिली.

लीलाताई दारात होत्या. "काय?"

"पायाखालचं पाणी थंड आहे," हेमांगी म्हणाली. "बाकी काही नाही."

---

अष्टमीला मुली आल्या, तशा बायकाही आल्या. काल काय झालं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि तरीही एक खात्री करून घ्यायला त्या आल्या होत्या. माडीवरून शिवाजीरावही उतरले. त्यांनी पूजा केली, पांढऱ्या पट्टीकडे एकदा पाहिलं आणि हॉलमध्ये बसून राहिले. स्वयंपाकघरात आले नाहीत.

लीलाताईंनी नळ सोडला. तोटी उघड्या हाताने फिरवली, पदर लावला नाही. विजयाबाईंना राहवलं नाही, त्यांनी लीलाताईंच्या दंडावर हात ठेवला. ठेवला तो ठेवूनच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी वाट पाहणं होतं, मग शंका, मग राग.

"कोपली," त्या म्हणाल्या. "मीटर लावलं, तारा तोडल्या. कोपून निघून गेली."

"कुठे गेली? ती काय, बसली आहे घटात, रोपं बघ किती वाढलीत," लीलाताई म्हणाल्या. "हात काढ, विजया. मला वाकायचंय."

"वाकायचंय? पाय तुम्ही धुणार?" मागून कुणीतरी म्हणालं. विजयाबाईंनी हाताशी आणलेलं चांदीचं ताम्हन छातीशी धरलं. कुमारिकांचे पाय दर वर्षी सवाष्ण धुते, आणि दर वर्षी ते काम त्यांच्याकडेच असे. "लीलाताई, असं नसतं हो. देवी अंगात होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. पण आता तुम्ही..."

"आता मी काय?"

हेमांगी ओट्यापाशी पुऱ्या लाटत होती. तिने लाटणं ठेवलं, विजयाबाईंच्या हातातून ताम्हन काढून घेतलं आणि सासूबाईंच्या पुढे, नळाखाली ठेवलं. दोन बायका उठून निघून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या, त्यांच्यातल्या काहींच्या मुली रांगेत होत्या म्हणून, काही कशासाठी ते सांगता येणार नाही.

"शिवाजीरावांना बोलावू का?" विजयाबाईंनी शेवटचं हत्यार काढलं.

"बोलाव," लीलाताई म्हणाल्या. "येताना सोवळं भिजेल म्हणून सांग."

हसू आधी एका कोपऱ्यातून फुटलं, मग दाबलं तरी पसरलं. विजयाबाई दाराशी गेल्या, थांबल्या, आणि हॉलकडे न जाता तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

लीलाताई ओल्या फरशीवर अनवाणी बसल्या. एका हाताने त्यांनी नळ धरला होता, दुसरा पुढे केला होता. गरिमा सगळ्यांत पुढे होती. तिने आधी दाराशी उभ्या असलेल्या आपल्या आजीकडे पाहिलं, मग नळाकडे, आणि पाऊल उचलून लीलाताईंच्या तळहातावर ठेवलं.